नवी पद्धत अंगवळणी का पडत नाही?

मा. संपादक,
स. न.

कचेरीत नवी संगणक प्रणाली येते, कारखान्यात मालाची तपासणी नव्या रीतीने करायचे ठरते, रुग्णालयात पाळ्यांची रचना बदलते. सहा महिन्यांनी पाहावे तर निम्मे काम जुन्याच रीतीने चाललेले असते. मग त्याची कारणमीमांसा एका वाक्यात उरकली जाते: कर्मचाऱ्यांना बदल नकोच असतो. नव्या पद्धती राबवण्याच्या आणि त्यांचे प्रशिक्षण देण्याच्या कामात असलेल्या आम्हा काही जणांना हे वाक्य मनापासून खटकते. तो बदल ज्या तऱ्हेने अंगावर येतो, त्याचा परिणाम बदलाच्या स्वरूपाइतकाच, पुष्कळदा त्याहूनही जास्त होतो. ही तऱ्हा ठरवणे वरिष्ठांच्या हातात असते, म्हणून तिच्याबद्दल तपशिलाने लिहीत आहोत.

वरिष्ठ मंडळी सहसा विचारतात, ‘लोकांना प्रेरित कसे करायचे?’ म्हणजे प्रेरणा कमी आहे, ती वाढवली की झाले, असे गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत जो आत्मनिर्णयाचा सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा वेगळा आहे. प्रेरणा किती आहे यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे याला त्यांनी महत्त्व दिले. समजा, भांडारातून माल देताच त्याची नोंद तिथल्या तिथे संगणकात करायची, असा नवा नियम झाला. चार कर्मचारी तो पाळतात. एक पाळतो कारण नाही तर मेमो मिळेल. दुसरा पाळतो कारण बैठकीत सगळ्यांदेखत आपले नाव मागे राहिले तर लाज वाटेल. तिसऱ्याला पटलेले असते की साठा संपत आल्याचे वेळेत कळले तर ऐनवेळची धावपळ टळते. चौथ्याला हे काम मुळातच आवडते. पहिल्या महिन्याच्या अहवालात चौघे सारखेच दिसतात. तपासणी बंद झाली की पहिला दुसऱ्याच दिवशी थांबतो. दुसरा कुरकुरत चालू ठेवतो आणि कामाचा ताण वाढला की सर्वांत आधी हीच नोंद सोडतो. तिसरा आणि चौथा करत राहतात. त्यातही चौथ्या जातीची माणसे थोडीच असणार, कारण कचेरीतले बहुतेक बदल रंजक नसतात. सारी मेहनत पहिल्या दोघांना तिसऱ्याच्या जागी आणण्यासाठी करायची असते.

हा नियम फसतो तेव्हा काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. टेबलाच्या कडेला एक वही असते. माल देताना त्या वहीत पेन्सिलीने टिपण होते आणि कामाची वेळ संपायच्या आधीच्या अर्ध्या तासात दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकदम संगणकात जातात. नोंदींच्या वेळा काढून पाहिल्या की हे लगेच उघडे पडते. परिणामी पडद्यावरचा साठा दिवसभर चुकीचा असतो. दुसऱ्या विभागाला त्याचा भरवसा राहत नाही, म्हणून ते फोन करून विचारतात. फोनवर उत्तर वहीत बघून दिले जाते. अशा रीतीने वही हाच खरा दस्तऐवज होतो आणि प्रणाली निरुपयोगी असल्याचे सर्वांना रोज पुराव्यानिशी दिसते.

वही का टिकते, हे शांतपणे विचारले तर उत्तरे मिळतात आणि ती सहसा रास्त असतात. तफावत निघाली तर ठपका आपल्यावर येतो आणि वहीत आपले अक्षर असते, समोरच्याची सही असते. पडद्यावर तसा आधार नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला साहेबांचा पासवर्ड लागतो आणि साहेब जागेवर नसतात. पडद्यावरच्या रकान्यांचा क्रम आणि माल हातात येण्याचा क्रम जुळत नाही, त्यामुळे रांग उभी असताना नोंद करणे अशक्य होते. या तिन्ही अडचणींवर धाक किंवा आमिष यांचा काडीचा उपयोग नाही. धाक दाखवला की वही टेबलावरून खणात जाते. नोंदीमागे बक्षीस ठेवले की एका नोंदीच्या तीन नोंदी होतात. मात्र दुरुस्तीचा अधिकार त्याच टेबलाला दिला, दुरुस्ती कोणी व केव्हा केली याची खूण आपोआप राहील अशी सोय केली आणि रकाने पुढेमागे केले, तर वही आपण होऊन बंद पडते. पण ही कारणे वरिष्ठांपर्यंत पोहोचायला ती सांगण्याची सोय हवी, आणि विचारण्याच्या तऱ्हेमुळेच ती सोय होते किंवा मोडते.

या विषयावरचा एक जुना आणि अजूनही वाचनीय पुरावा १९४८ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावच्या हारवुड कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच या संशोधकांनी कामगारांचे गट करून बदल वेगवेगळ्या रीतींनी केला. इस्त्री करणाऱ्या एका गटाचा बदल अगदी किरकोळ होता: अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे. त्यांना बैठकीत बोलावून नवी रीत आणि नगामागच्या मजुरीचा नवा दर सांगितला गेला, शंकांची उत्तरे दिली गेली आणि बैठक संपली. म्हणजे आजही सर्रास होते तसेच. दुसऱ्या तऱ्हेच्या गटांमध्ये आधी गरज दाखवली गेली. कारखान्यात तयार झालेले दोन सारखेच कपडे समोर ठेवले. एक आधीच्या वर्षी दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला. स्वस्त कोणता ते ओळखा म्हटले तर कोणालाही ओळखता आले नाही. बाजारभाव उतरले आहेत आणि खर्च कमी करावाच लागणार, हे मग भाषण न देता पटले. त्यानंतर कुठे अनावश्यक हालचाल आहे, नवी रीत कशी बसवायची, दर कसा ठरवायचा यात एका गटाने प्रतिनिधींमार्फत, तर इतर गटांत सर्वांनी भाग घेतला.

पहिल्या गटातले १७ टक्के लोक ४० दिवसांत काम सोडून गेले. राहिलेल्यांचा वेग वर चढलाच नाही. प्रतिनिधींचा गट १४ दिवसांत तासाला ६१ नगांपर्यंत पोहोचला, जिथे अपेक्षा ६० नगांची होती. सर्वांनी भाग घेतलेले गट त्याहून लवकर सावरले आणि पूर्वीच्या वेगापेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. त्यांतून कोणीही नोकरी सोडली नाही. आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. सुमारे अडीच महिन्यांनी त्या पहिल्या, ‘अडेलतट्टू’ ठरलेल्या गटातल्या उरलेल्या १३ जणांना पुन्हा नव्या कामावर घातले, यावेळी सर्वांना सहभागी करून घेऊन. तेही झटपट सावरले. माणसे तीच होती, त्यामुळे दोष त्यांच्या स्वभावात होता असे म्हणायला जागा उरली नाही.

मात्र कंटाळवाण्या कामाचे काय, असा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर डेसी आणि सहकाऱ्यांच्या १९९४च्या एका प्रयोगात सापडते. पडद्यावर प्रकाशाचा ठिपका दिसला की कळ दाबायची, इतके नीरस काम त्यांनी लोकांना दिले. सूचना देताना तीन गोष्टी बदलत ठेवल्या: कामाचे कारण सांगणे, ‘हे कंटाळवाणे वाटू शकते’ हे मान्य करणे, आणि ‘केलेच पाहिजे’ ही दमदाटीची भाषा टाळणे. यांपैकी दोन किंवा तिन्ही गोष्टी होत्या तिथे लोक नंतर कोणी सांगितले नसतानाही ते काम करत राहिले आणि त्याबद्दलची त्यांची भावनाही त्याला जुळणारी होती. एखादीच गोष्ट होती किंवा एकही नव्हती, तिथे काम चालू ठेवणाऱ्यांनी ते बळेबळेच चालू ठेवलेले दिसले. मेरिलेन गान्ये, रिचर्ड कोस्टनर आणि मिरॉन झुकरमन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातील एका दूरसंचार कंपनीतले मोठे फेरबदल १३ महिन्यांच्या कालावधीत तपासले. तिथेही कारण सांगणे, काही निवड देणे आणि भावनांची दखल घेणे या तीन गोष्टींचा बदल स्वीकारण्याशी संबंध आढळला.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी तोंडदेखल्या केल्या जातात, म्हणून त्या कशा करायच्या ते लिहितो.

कारण सांगायचे ते त्या टेबलाचे सांगायचे. ‘स्पर्धेच्या युगात टिकण्यासाठी’ हे कारण कोणत्याच टेबलाचे नसते. अर्ध्या पानात चार गोष्टी याव्यात: आत्ताच्या रीतीत नेमके कुठे घोडे अडते (शक्यतो त्याच विभागाच्या मागच्या तीन महिन्यांतल्या खऱ्या नोंदी दाखवून), नव्या रीतीने ते कसे सुटेल, तुमचे कोणते काम वाढेल, आणि काय अजिबात बदलणार नाही. तिसरा मुद्दा गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो गाळला की उरलेल्या तिन्हींवरचा विश्वास उडतो, कारण वाढलेले काम पहिल्याच दिवशी दिसणार असते. हे पान मोठ्या सभागृहात मोठ्या साहेबांनी वाचून दाखवले तरी चालेल, पण त्याच दिवशी प्रत्येक विभागाच्या प्रमुखाने आपल्या आठ-दहा माणसांसोबत बसून ते पुन्हा समजावले पाहिजे. खरे प्रश्न तिथेच येतात. ज्या प्रमुखाला स्वतःलाच कारण ठाऊक नाही, तो ‘वरून आदेश आहे’ एवढेच म्हणणार, आणि ते तीन शब्द पुढच्या सहा महिन्यांचा सूर ठरवतात.

निवड देताना आधी कागदाचे दोन भाग करावेत. एका बाजूला जे ठरले आहे ते: प्रणाली कोणती, जुनी पद्धत बंद होण्याची तारीख, कायद्याने लागणाऱ्या नोंदी. दुसऱ्या बाजूला जे खरोखर खुले आहे ते: आधी कोणता विभाग सुरू करणार, प्रशिक्षण पाळीच्या सुरुवातीला की शेवटी, नमुन्यातल्या रकान्यांचा क्रम, कामाची आपसांतली वाटणी, मदतनीस कोण. दुसऱ्या बाजूला किमान तीन खऱ्या गोष्टी नसतील तर ‘तुमची मते मागवत आहोत’ असे म्हणूच नये. ठरलेल्या गोष्टीवर मत मागवणे हा सर्वांत महागडा प्रकार आहे. पुढच्या वेळी लोक फक्त मान डोलावतात. हारवुडसारखा प्रयोग पुढे नॉर्वेतील पादत्राणांच्या एका कारखान्यात करून १९६०मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे कामगारांना ज्या बाबतींत विचारले गेले त्यांचा उत्पादनाशी फारसा संबंध नव्हता आणि उत्पादनही वाढले नाही. सहभाग कोणत्या बाबतीत, हा प्रश्न म्हणूनच आधी सोडवायचा.

आलेल्या सूचनांपैकी स्वीकारलेल्या किती, हे फारसे महत्त्वाचे नाही. नाकारलेल्या प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत, आमच्या मते दहा दिवसांच्या आत, लेखी कारण मिळाले पाहिजे. उत्तरच न येणे हे नकारापेक्षा जास्त लागते.

नाराजी मान्य करणे बहुतेक प्रमुखांना जड जाते, कारण मान्य केले म्हणजे माघार घेतली असे त्यांना वाटते. ‘काळजी करू नका, सगळे सोपे आहे’ हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले जाते. पण ज्याला ते जमत नाही त्याला त्यातून ‘म्हणजे मीच मंद’ एवढेच ऐकू येते. त्याऐवजी म्हणावे: ‘पहिले तीन-चार आठवडे वेग कमी होणार. वीस वर्षे हात बसलेले काम सोडून नवखे व्हावे लागते, त्याचा त्रास होतोच. या काळात रोजच्या कामाचे उद्दिष्ट आपण कमी केले आहे.’ शेवटचे वाक्य नसेल तर आधीची दोन बोलू नयेत. उद्दिष्ट कमी न करता दाखवलेली सहानुभूती लोकांना लगेच ओळखू येते. किती कमी करायचे हे कामावर अवलंबून आहे. पण पहिल्या आठवड्यात जुन्या वेगाची अपेक्षा ठेवली की लोक जुन्या रीतीने वेग गाठतात आणि नवी रीत तपासणीपुरती उरते.

प्रशिक्षणाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण डेसी आणि रायन यांच्या मांडणीत स्वायत्ततेच्या (कामात आपले काही चालते या भावनेच्या) बरोबरीने सक्षमतेची (हे आपल्याला जमते या भावनेची) आणि आपलेपणाची गरज येते, आणि सक्षमतेचा बोजवारा इथेच उडतो. प्रणाली सुरू होण्याच्या दोन महिने आधी चाळीस जणांना एका खोलीत बसवून पडद्यावर चित्रे दाखवली जातात. उपस्थितीच्या सह्या होतात आणि प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत सगळे विसरलेले असते. प्रशिक्षण आणि वापर यांत एका आठवड्याहून जास्त अंतर नको. गट सहा ते आठ जणांचा असावा, प्रत्येकाच्या हातात यंत्र असावे आणि सरावाला त्याच विभागाची मागच्या महिन्यातली खरी कागदपत्रे घ्यावीत. पहिल्या बैठकीत रोज लागणारी चार-पाच कामेच शिकवावीत आणि त्यांत एक काम ‘चुकले तर कसे सुधारायचे’ हे असलेच पाहिजे. चूक सुधारता येते हे हाताला कळले की निम्मी भीती जाते. दुसरी बैठक दोन आठवड्यांनी घ्यावी, फक्त अडलेल्या गोष्टींसाठी. मदतनीस दहा-बारा माणसांमागे एक, त्याच विभागातला, आणि पहिला महिनाभर त्याचे स्वतःचे काम किमान निम्मे दुसऱ्यांकडे दिलेले. हे शेवटचे होत नाही म्हणून मदतनीस आठवडाभरात वैतागतो आणि विचारणारेही विचारणे सोडतात. मदतनीस म्हणून सर्वांत हुशार माणूस निवडू नये. ज्याला दुसऱ्याने तेच तिसऱ्यांदा विचारले तरी चालते, तो निवडावा.

आता बक्षीस आणि दंड. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी जाहीर केलेले आणि काम करण्याशी किंवा ते पुरे करण्याशी बांधलेले वस्तुरूप बक्षीस मुळातल्या रंजक कामातली गोडी कमी करते, तर कामाबद्दल मिळालेली चांगली तोंडी दाद ती वाढवते, असा त्याचा निष्कर्ष. रंजक नसलेल्या कामात बक्षिसाने गोडी घटत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तिथे मुळात घटायला गोडीच नसते. तिथला धोका वेगळा: बक्षीस ज्या आकड्याला बांधलेले असते तेवढाच आकडा वाढतो. लॉगिनच्या संख्येला बक्षीस ठेवले की सकाळी सगळे लॉगिन करतात. सूचनापेटीत महिन्याला दोन सूचना सक्तीच्या केल्या की महिन्याच्या शेवटच्या दिवशी पेटी भरते. वाजवी वेतन आणि वाढलेल्या कामाचा मोबदला हा याहून निराळा प्रश्न आहे. तो हक्काचा भाग आहे, आणि ‘प्रेरणा आतून यायला हवी’ असे म्हणून तो टाळणाऱ्यांना या संशोधनाचा आधार मुळीच घेता येणार नाही.

दंडाबाबत इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास बोलका आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो २०००मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड उठवल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. दंड ही त्या उशिराची किंमत ठरली, ती मोजली की संकोच संपला. पालक हे कर्मचारी नव्हेत हे खरे. पण नवी नोंद चुकली की पगारातून अमुक कापणार, असे परिपत्रक काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तोवर जी चूक सहकाऱ्यांच्या भिडेखातर टाळली जात होती, तिला आता दर लागतो. शिवाय दंड असला की चूक सांगितली जात नाही, लपवली जाते. आणि नव्या पद्धतीच्या पहिल्या महिन्यात चुका कळणे ही सर्वांत उपयोगाची माहिती असते.

तोंडी दाद देतानाही तऱ्हा सांभाळावी लागते. रायन यांनी १९८२मध्ये दाखवले की ‘छान, जसे करायला हवे होते तसेच केलेत’ अशी हुकमत गाजवणारी शाबासकी साध्या माहितीपर प्रतिसादापेक्षा गोडी कमी करते. ‘या आठवड्यात परत आलेले अर्ज नऊवरून तीनवर आले, पत्त्याचा रकाना तुम्ही आधी घेतल्यामुळे’ हे वाक्य उपयोगी आहे. त्यात काय झाले आणि कशामुळे झाले हे दोन्ही आहे. तपासणीचेही तसेच. ‘हे का केले नाहीत?’ याऐवजी ‘हे करताना कुठे अडले?’ असे विचारले तर अडचण कळते. पहिल्या प्रश्नाला फक्त सबब मिळते. विभागांची तुलनात्मक यादी भिंतीवर लावण्याची प्रथा तर बंदच व्हावी. शेवटच्या क्रमांकावरचा विभाग पुढच्या आठवड्यात आकडे सुधारतो, काम नव्हे.

सगळ्यांना एकच मात्रा लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९९७मध्ये मांडलेला भेद इथे कामाला येतो: काही माणसे काय मिळेल याकडे पाहतात, काही काय निसटेल याकडे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला नव्या संधींचे वर्णन ऐकवले की तो अधिकच साशंक होतो. त्याला जुनी माहिती कुठे जपली आहे, प्रणाली बंद पडली तर पर्याय काय, जुनी व नवी पद्धत किती आठवडे सोबत चालेल, हे तारखांसह सांगावे. असा माणूस ‘नकारात्मक’ म्हणून बाजूला टाकला जातो. खरे तर प्रणाली सुरू होण्याआधी तिच्यातली भगदाडे दाखवायला त्याच्याइतका उपयोगी कोणी नसतो. त्याला चाचणीच्या गटात आवर्जून घ्यावे. जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवण्याचा काळ मात्र आधीच जाहीर केलेला आणि आखूड असावा. तो लांबला की दुप्पट कामाने लोक पिचतात आणि दोष नव्या पद्धतीच्या माथी येतो.

स्वायत्तता म्हणजे वाऱ्यावर सोडणे, असा गैरसमजही आम्ही वारंवार पाहतो. ‘तुमचे तुम्ही ठरवा’ म्हणून प्रमुख निघून जातो आणि लोक गोंधळतात. मुदत, जबाबदारी आणि अडले तर कोणाला विचारायचे, हे स्पष्ट असले तरच निवडीला अर्थ असतो. आग, अपघात, रुग्णाचा जीव अशा प्रसंगी हुकूमच द्यावा. कारण नंतर सांगावे, पण सांगावेच. आणि बदलाच्या पोटात नोकरकपात दडलेली असेल तर वरच्या कुठल्याही युक्तीने ती झाकू नये. किती जागा, कोणत्या, केव्हा, हे ठरले असेल तर सांगावे. ठरले नसेल तर कधी ठरेल ती तारीख सांगावी. ज्याला आपली खुर्ची राहील की नाही याची धास्ती आहे, त्याच्याशी रकान्यांच्या क्रमावर चर्चा करणे ही क्रूर चेष्टा आहे.

या साऱ्यात सर्वाधिक कोंडी होते ती मधल्या फळीतल्या प्रमुखाची. वरून त्याला तारीख आणि टक्केवारी मिळते, खालून प्रश्न. ज्याच्यावर दर सोमवारी आकड्यांचा मारा होतो, तो मंगळवारी आपल्या माणसांशी शांतपणे बोलेल ही अपेक्षा फोल आहे. दाब जसाच्या तसा खाली जातो. म्हणून कारण, निवड आणि कमी केलेले उद्दिष्ट या तिन्ही गोष्टी आधी त्याला मिळाल्या पाहिजेत. प्रमुखांना ‘संवादकौशल्य’ शिकवणारी शिबिरे भरवायची आणि त्यांची उद्दिष्टे तशीच ठेवायची, हा खर्च वाया जातो.

बदल रुजला की नाही हे मोजायचेही ठिकाण बदलावे. वापरकर्त्यांची टक्केवारी सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी चार गोष्टी पाहाव्यात: नोंदी दिवसभरात पसरल्या आहेत की संध्याकाळी गोळा झाल्या आहेत, समांतर वह्या आणि खासगी तक्ते किती उरले, लोक आपण होऊन किती चुका आणि अडचणी कळवतात, आणि तपासणी महिनाभर थांबवल्यावर काय राहते. यातला तिसरा आकडा सुरुवातीला वाढला तर घाबरू नये, ते चांगले लक्षण आहे. तो पहिल्या महिन्यातच शून्य असेल तर काहीतरी लपते आहे असे समजावे.

आपल्या वृत्तपत्रात नव्या प्रणालींच्या उद्घाटनाच्या आणि नंतर त्या फसल्याच्या बातम्या येतात. उद्घाटनाच्या बातमीत दोन प्रश्न विचारले जावेत, अशी आपल्या वार्ताहरांना विनंती आहे: ही प्रणाली जे वापरणार आहेत त्यांनी सुचवलेला कोणता बदल तिच्यात झाला, आणि शिकण्याच्या काळात त्यांचे रोजचे काम किती कमी केले. उत्तरे आकड्यांत आणि नेमकी मिळाली नाहीत, तर सहा महिन्यांनी त्याच कचेरीत जाऊन टेबलावरची वही पाहून यावे.

आपले,
कर्मचारी प्रशिक्षण व कार्यपद्धती क्षेत्रातील काही वाचक